कुत्र्याला वाट कोण सांगतं?

अ‍ॅजिलिटीच्या म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या स्पर्धेतली सगळ्यात अचाट गोष्ट प्रेक्षकाला दिसतच नाही. कुत्रा अडथळ्यांवरून झेपावतो, बोगद्यात शिरतो, दुसऱ्या टोकाने सुसाट बाहेर पडतो, डुगडुगत्या फळीवर चढून उतरतो, आणि आपण म्हणतो, काय पाठ करून घेतलंय! पण पाठ काहीच करून घेतलेलं नसतं. ती वाट त्या कुत्र्याने आधी पाहिलेलीही नसते. पंच नवी मांडणी करतात आणि धावेपूर्वी काही मिनिटं फक्त माणसांना आत सोडतात. तेव्हा मैदानात मोठं मजेशीर दृश्य असतं. चांगली शहाणीसुरती माणसं शेजारी नसलेल्या कुत्र्याला हातवारे करत, मधेच गर्रकन वळत, स्वतःशी पुटपुटत फिरत असतात. खरा कुत्रा बाहेरच. तो आत येतो तो थेट धावायला.

नियमही असे की वाचूनच घाम फुटावा. कुत्र्याला हात लावायचा नाही. हातात खाऊ नको, खेळणं नको. वीसेक अडथळे ठरल्या क्रमानेच पार करायचे, भलत्याच अडथळ्यावर गेला की बाद. आणि हे सगळं कुत्रा सेकंदाला चार-पाच मीटर पळत असताना, त्याच्याहून हळू पळणाऱ्या माणसाने घडवून आणायचं.

मग कुत्र्याला वाट सांगतं कोण?

त्याआधी हा खेळ आला कुठून तेवढं बघू, कारण तो चक्क वेळ काढण्यासाठी जन्माला आला. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हे कुत्र्यांचं नामांकित प्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांच्या मधे लोक कंटाळू नयेत म्हणून काहीतरी हवं होतं. आयोजकांपैकी जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरलं, घोड्यांच्या अडथळे-उडीच्या (शो-जंपिंग) स्पर्धेवरून अडथळे बेतले आणि कुत्र्यांचे दोन संघ उतरवले. लोकांना ते एवढं भावलं की दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला रीतसर खेळाचा दर्जा दिला. आज्ञापालनाच्या स्पर्धा त्याहून जुन्या. अमेरिकेत १९३३ साली हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी पहिली स्पर्धा भरवली, ती बहुतांशी आपल्या पूडल कुत्र्यांची अब्रू राखायला. हे नुसते नटवे, असं लोक म्हणत. त्यांना डोकंही आहे हे बाईंना दाखवायचं होतं.

आता वाटेचं बघू. उत्तर हँडलरच्या, म्हणजे कुत्र्यासोबत पळणाऱ्या माणसाच्या, खांद्यांत आहे. आणि पावलांत, आणि छाती कुठल्या दिशेला आहे त्यात. माणसाचा वेग मंदावला की कुत्रा ओळखतो, पुढे वळण आहे. माणूस सरळ पळत राहिला की समोरचा अडथळा आपला. तोंडाने ओरडलेलं एक आणि अंगाची दिशा दुसरीच असं झालं, तर बहुतेक कुत्रे अंगावर विश्वास ठेवतात. (आपल्याकडे आई ‘बस’ म्हणते, बाबा ‘सिट’ म्हणतात आणि कुत्रा दोघांचं ऐकतो, याचं गुपित बहुधा दोघांच्या सारख्याच उचललेल्या हातात असतं.) खरी खुबी वेळेत आहे. ही खूण कुत्र्याचे पाय जमिनीवर असतानाच पोचावी लागते. लांब झेप घ्यायची, की आखूड उडी मारून लगेच वळायचं, हे तो उडीआधीच्या शेवटच्या पावलांत ठरवतो. एकदा हवेत गेला की काय बदलणार? हँडलरचा खांदा क्षणभर उशिरा वळला तरी कुत्रा भलतीकडे जाऊन पोचतो, आणि लोक हळहळतात, अरे, कुत्रा चुकला!

माणसाचं अंग वाचायची ही विद्या त्याला येते कुठून? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ आठवड्यांच्या ३७५ पिल्लांची परीक्षा घेतली. दोन भांडी, एकाखाली खाऊ, आणि माणूस बोटाने दाखवतोय. आठ आठवडे म्हणजे आईपासून नुकतंच दूर व्हायचं वय. माणसांच्या घरात पिल्लू अजून राहायलाही गेलेलं नाही. तरीही पिल्लं बोटामागे गेली, आणि पहिल्या खेपेपासून गेली. म्हणजे सराव करता करता शिकली असंही नाही. पिल्लापिल्लांतल्या फरकाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग आनुवंशिक निघाला. चिंपांझी आपले एवढे जवळचे नातेवाईक, पण बोटाच्या या परीक्षेत ते अडखळतात. गादीवर सू करणारं दोन महिन्यांचं पिल्लू मात्र पास!

पण ही देणगी उघडायची एक ठरावीक वेळ असते. पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याच्या मनाची कवाडं सताड उघडी असतात. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, आई आणि भावंडांसोबत, पण माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. ज्यांना मधल्या आठवड्यांत थोडे दिवस माणूस भेटला ती माणसाळली. ज्यांना चौदा आठवडे भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. म्हणून जाणता ट्रेनर पहिला धडा ‘सिट’चा देत नाही. तो पिल्लाला कडेवर घेऊन फिरतो. कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, काठी टेकत येणारे आजोबा, लांबून ऐकू येणारा ढोल. लसी पूर्ण व्हायच्या असतात, म्हणून पाय जमिनीला लावू द्यायचे नाहीत, पण कान-डोळे मोकळे. पाहुण्यांसमोर ‘शेक हँड’ करून दाखवायची घाई असलेल्या मालकांना हे आठवडे फुकट गेल्यासारखे वाटतात. माझ्या मते त्याच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच.

आता प्रत्यक्ष शिकवणं. समजा, पिल्लू बसलं. शाब्बास! तुम्ही खिशात हात घातला, पिशवीतून चिकनचा तुकडा काढला, वाकून पुढे केला. झाले दोन-तीन सेकंद. तेवढ्यात पिल्लू उठलं, शेपूट हलवत तुमच्या खिशाकडे झेपावलं आणि खाऊ तोंडात पडला. बक्षीस कशाचं मिळालं? बसण्याचं? छे, उठून झेपावण्याचं! प्रशिक्षणातली बहुतेक भांडणं या दोन सेकंदांत आहेत.

तोडगा सापडला तो वेगळ्याच वाटेने. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने खाऊच्या आधी एक छोटा ठाम आवाज वापरायला सुरुवात केली. आवाज झाला की खाऊ नक्की. १९५१ साली स्किनर यांनी एका लेखात तर सामान्य वाचकांनाच सांगितलं, बाजारातलं टक्-टक् वाजणारं खेळणं घ्या आणि घरच्या कुत्र्याला शिकवा. आपल्या जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक, तोच तो! पण कुत्रेवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. गळ्यात साखळी असताना आवाजाची गरज कुणाला? ती गरज पडली डॉल्फिनवाल्यांना. डॉल्फिनला पट्टा बांधून ओढणार कसं? रागावलात तर तो पोहत निघून जाणार. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी शिट्टीवर हे तंत्र घासूनपुसून घेतलं, १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि मग कुठे ते टक्-टक् वाजणारं खेळणं ‘क्लिकर’ म्हणून कुत्र्यांच्या जगात घरोघरी पोचलं. जे जनावर ओढून शिकवता येत नाही, त्याने आपल्याला शिकवायला शिकवलं!

एका ‘टक्’मध्ये एवढी ताकद कशी? वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर नजर ठेवली होती. अवचित रस मिळाला की पेशी पेटून उठत. मग रसाच्या आधी खूण दिली जाऊ लागली. थोड्या दिवसांत पेशी खुणेलाच उसळू लागल्या. रस आला तरी शांत. खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी आणखी मंदावत. म्हणजे मेंदू बक्षीस मोजत नाही, तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो! बूड जमिनीला टेकलं त्या क्षणी ‘टक्’ झालं, तर मेंदूतली नोंद त्या क्षणाची होते. खाऊ सावकाश आला तरी चालतं. न येऊन मात्र चालत नाही.

आणि रोज तासभर घोटून घ्यावं का? डेन्मार्कमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांचे दोन गट करून एकाला आठवड्यातून पाच दिवस शिकवलं, दुसऱ्याला एकच दिवस. दिवस अर्थातच आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना जास्त लागले, पण धडे कमी पुरले. शिकवणी नसलेल्या दिवसांतही आत काहीतरी मुरत असावं.

आता माझा सगळ्यात लाडका अडथळा: वीव्ह पोल्स. एका रांगेत बारा काठ्या, दोन काठ्यांत ६० सेंटिमीटर अंतर. कुत्र्याने पहिली काठी आपल्या डाव्या खांद्याशी ठेवून आत शिरायचं आणि एकही फट न चुकवता नागमोडी बाहेर पडायचं. खो-खोमध्ये बसलेल्या गड्यांमधून एकेरी साखळी घालत सुटणारा खेळाडू आठवा. तेच हे, फक्त दोन-तीन सेकंदांत, आणि कुठल्याही कोनातून धावत आलं तरी शिरायची जागा अचूक हेरून. उडी मारणं, बिळात घुसणं हे कुत्र्याच्या रक्तात आहे. ही साखळी निसर्गाने कुठल्याच कुत्र्याला दिलेली नाही. मग शिकवतात कशी? एक रीत अशी. काठ्या आधी दोन समांतर ओळींत लावायच्या, मधे रुंद गल्ली. कुत्रा सरळ पळत जातो, पलीकडे खेळणं मिळतं. दिवसागणिक ओळी बोटभर जवळ सरकवायच्या. गल्ली अरुंद होते, कुत्र्याचं अंग किंचित डावी-उजवीकडे वळायला लागतं, त्याच्या नकळत. एक दिवस दोन ओळींची एक ओळ होते, आणि कुत्रा अजूनही आपण सरळच पळतोय अशा थाटात त्यातून सळसळत जातो. लहान कुत्रे बहुधा दोन्ही पुढचे पाय जोडून टणाटण उड्या घेतात, मोठे एकेक पाऊल टाकत पोहल्यासारखे जातात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पिल्लाला यातलं काहीच करू देत नाहीत, आणि ते बरंच. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ कूर्चेचा थर असतो; मोठ्या जातींत तो पक्का व्हायला वर्ष-दीड वर्षही लागतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेशच नाही. तोवर काय? मागचे पाय! ट्रेनर म्हणतात, कुत्र्याला आपले मागचे पाय असतात हे फारसं ठाऊकच नसतं. पुढचे जातील तिकडे ते आपले ओढत येतात. म्हणून पालथ्या घमेल्यावर पुढचे पाय ठेवायला लावून मागच्या पायांनी त्याभोवती फिरायला शिकवतात. पहिल्यांदा पिल्लू भांबावून बसूनच घेतं. मग एक मागचा पाय चुकून बाजूला पडतो. टक्! खाऊ. पिल्लू मागे वळून बघतं, हे कुणी केलं?

बोट वाचायची विद्या फक्त घरच्या लाडक्यांकडे असते असं वाटत असेल, तर कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेलं काम बघा. त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि परक्या माणसाने लांबून बोट दाखवलं. जवळपास निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत. जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाचं ऐकलं. ना ट्रेनर, ना क्लिकर, ना बारावा आठवडा जपणारं कुणी. तुमच्या गल्लीतल्या ओळखीच्या एखाद्यावर हे करून बघायला दोन करवंट्या आणि चिकनचा तुकडा पुरे. बोट दाखवून हात लगेच खाली घ्या. आणि चिकनचा वास आधी दोन्ही करवंट्यांना नीट चोळून ठेवा, नाहीतर परीक्षा बोटाची न होता नाकाची होईल.