चित्र नेमके कोठे अडते?

अंबरनाथनजीकच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत रसायनांचे जे लहानमोठे कारखाने आहेत, त्यांत पाळी संपवून घरी आल्यावर आपल्या विद्येत भर घालण्याची आकांक्षा जो तरुण बाळगतो, त्याला खर्चिक शिकवणीवाचून मोकळा असलेला एक मार्ग पवईहून निघालेला आहे. तेथील आयआयटी मुंबईत, रसायन अभियांत्रिकीचेच प्राध्यापक असलेल्या कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र शासनाच्या अनुदानातून ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. आणि लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्त आज्ञावलींचे पाठ त्याने मराठीतही उपलब्ध करून दिले. साधारण दहा मिनिटांची चित्रफीत, पडद्यावरील मजकूर इंग्रजीत तसाच ठेवलेला, निवेदन मात्र ऐकणाराच्या भाषेत, अशी त्यांची धाटणी आहे. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष आज्ञावली उघडावी आणि निवेदक जे करील ते तेथल्या तेथे करून पाहावे, हा या पद्धतीचा प्राण होय.

आता अशा वेळी चित्र थबकून आवाज पुढे निघून गेला, किंवा आवाज चालू राहून पडदा काळाच राहिला, तर कोणत्या शब्दाबरोबर कोणती कृती करावयाची हे त्या विद्यार्थ्यास कसे कळावे? पुष्कळदा अशा प्रसंगी संपूर्ण लिनक्सवरच दोष ठेवला जातो, आणि ज्या जुन्या संगणकास त्या प्रणालीनेच पुनर्जीवन दिलेले असते तो अडगळीत जातो. हा अन्याय मला फार लागतो. कारण चित्रफीत दिसणे ही एकच क्रिया नसून ती क्रियांची मालिका आहे, आणि लिनक्सवर या मालिकेतील प्रत्येक टप्प्याची जबानी स्वतंत्रपणे घेता येते.

या शहानिशेचा आरंभ फायलीपासून करावा. फायलीच्या नावापुढील ‘एमपी४’ किंवा ‘एमकेव्ही’ ही अक्षरे मोरिवलीतल्या पिंपावरील चिठ्ठीसारखी आहेत. पिंप कोणते ते त्यांवरून कळते, आतील द्रव्य कळतेच असे नाही. आतील चित्र ज्या रीतीने आकुंचित केलेले असते ती रीत म्हणजे कोडेक, आणि ते चित्र उलगडणारा डिकोडर संगणकात नसेल तर पिंप उत्तम असूनही आतले काहीच दिसत नाही. एफएफएमपेग या संचातील एफएफप्रोब ही आज्ञा फायलीचे नाव देताच चित्राचा आणि ध्वनीचा कोडेक वेगवेगळा सांगते. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये आरंभिलेला हा संच लिनक्सवरील बहुतेक चित्रदर्शकांच्या मुळाशी आहे.

याचे बोधप्रद उदाहरण पवईच्या पाठांतच सापडते. या चित्रफिती ओजीव्ही स्वरूपात मिळत आल्या, आणि त्या स्वरूपातील चित्राचा कोडेक थिओरा हा आहे. कोणाचेही स्वामित्वशुल्क न भरता कोणीही वापरावा म्हणून झिफ संस्थेने तो सिद्ध केला. त्याची पहिली परिपूर्ण आवृत्ती २००८ ची. शासकीय पैशांतून केलेल्या शिक्षणकार्यास ही निवड सर्वथा शोभणारी होती. परंतु पुढे थिओराचा वापर नाममात्र उरला. आणि क्वचितच चालणारा असा डिकोडर ब्राउझरमध्ये ठेवणे म्हणजे घुसखोरास एक जास्तीची वाट ठेवणे होय, असे मानून २०२४ मध्ये क्रोमने आणि पाठोपाठ फायरफॉक्सनेही त्याचा आश्रय काढून घेतला. तेव्हा संग्रही ठेवलेला जुना पाठ ब्राउझरमध्ये उघडेनासा झाला, तर फाईल बिघडली असे मानण्याचे मुळीच कारण नाही. तीच फाईल व्हीएलसीमध्ये उघडावी. पॅरिसजवळील एकोल सांत्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या खटाटोपातून निघालेला हा चित्रदर्शक आपले डिकोडर स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळे थिओरा तेथे आजही चालतो.

डिकोडर नसण्याचे दुसरे कारण कायद्याच्या दप्तरात आहे. सर्वत्र रूढ झालेला एच.२६४ हा कोडेक २००३ चा असून त्यावर अनेक पेटंटे नोंदवली गेली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील तिसऱ्या कलमाने निव्वळ संगणक-आज्ञावलीस पेटंट नाकारले असले, तरी फेडोरासारखे लिनक्सचे वितरण अमेरिकन कंपनीच्या आश्रयाने चालते आणि तेथील कायद्याचा अंमल त्यावर असतो. म्हणून २०२२ मध्ये फेडोराने ग्राफिक्स कार्डाकरवी एच.२६४ उलगडण्याची सोयही आपल्या संचातून वगळली. ती हवी असणाऱ्यांना आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडाराकडे जावे लागते. उबुंटूवर ‘रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचा गठ्ठा बसवला की बहुतेक उणीव भरून निघते.

डिकोडर असूनही चित्र अडखळत असेल तर बोजाचा विचार करावा. १९२० गुणिले १०८० मापाच्या एका चित्रचौकटीत २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. सेकंदास अशा २५ चौकटी म्हणजे ५ कोटी १८ लाख ४० हजार बिंदू. हे काम एकट्या मुख्य प्रोसेसरने करावे की ग्राफिक्स चिपमधील खास मंडलाने, यावर सारे अवलंबून असते. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकांत चित्र पाठवते. आणि इंटेलच्या चिपांत व्हीपी९ उलगडण्याची पूर्ण सोय २०१६ च्या सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रावर तो भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि चौकटी गळतात. येथे तर्क करीत बसू नये, पाहावे: टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा चालवली की प्रोसेसर किती गुंतला आहे ते समोर दिसते, आणि ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा ग्राफिक्स चिप कोणकोणते कोडेक स्वतः उलगडू शकते याची यादी देते. यादीत एच.२६४ असून व्हीपी९ नसेल, तर यूट्यूबकडून एच.२६४ च मागवणारे विस्तारक ब्राउझरला जोडावे, किंवा चित्राचा दर्जा ७२० वर उतरवावा. पाठातील अक्षरे तेवढ्यातही वाचता येतात.

उलट, चिपवर काम सोपवल्यानेच चित्र हिरवे पडते किंवा त्यावर चौकोन उमटतात, असेही घडते. तेव्हा संशय ड्रायव्हरवर घ्यावा. व्हीएलसीच्या पसंतीमध्ये हार्डवेअरद्वारे उलगडण्याची सोय क्षणभर बंद करावी. चित्र स्वच्छ झाले तर फाईल आणि डिकोडर दोघेही निर्दोष सुटतात. चित्राच्या मध्यातून आडवी चीर गेल्यासारखी दिसत असेल तर दोष अगदी शेवटच्या टप्प्यावर, खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या व्यवस्थेत असतो. १९८४ पासून चालत आलेल्या एक्स प्रणालीऐवजी प्रवेशाच्या वेळी वेलँड निवडले की तो बहुधा नाहीसा होतो. आवाजाचे खाते वेगळे आहे आणि पुष्कळदा तेथे एवढेच निघते की ध्वनी एचडीएमआयच्या वाटेने आवाजाची सोय नसलेल्या पडद्याकडे चालला आहे.

इतके करूनही उलगडा न झाल्यास एमपीव्ही हा चित्रदर्शक टर्मिनलमधून चालवावा. कोणता कोडेक सापडला आणि किती चौकटी गळल्या हे तो लिहून दाखवतो. हार्डवेअरचा उपयोग तो सहसा सांगितल्यावाचून करीत नाही, म्हणून एकदा तसाच आणि एकदा ‘एचडब्ल्यूडेक’ हा पर्याय देऊन, असे दोनदा चालवून तुलना करावी. तोच मजकूर, वितरणाची आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव यांसह, मदत मागताना जसाच्या तसा पुढे ठेवावा. ‘व्हिडिओ चालत नाही’ एवढ्या तीन शब्दांवर ड्रायव्हर लिहिणारास काहीच करता येत नाही. गळलेल्या चौकटींचा आकडा हाती आला म्हणजे तो आपल्या यंत्रावर तोच दोष उत्पन्न करून पाहू शकतो.