हायब्रिड मोटारीचे पहिले हजार किलोमीटर
१९९७ साली जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसपासून रूढ होत गेलेल्या हायब्रिड मोटारीत विजेची मोटर असली, तरी पेट्रोलचे इंजिनही असतेच. म्हणून त्याचे घर्षणशील भाग परस्परांशी जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे १००० किलोमीटर, दीर्घकाळ एकाच वेगाने धावणे व एकाएकी वेग वाढवणे टाळावे, ही ताकीद येथेही लागू आहे. ब्रेक आधीपासून, हलक्या पायाने दाबावा. म्हणजे मोटरच जनित्र होऊन गतिज ऊर्जेचा बराच अंश बॅटरीत जमा करते. माझ्या मते खरी जोखीम निःशब्दतेत आहे: मंदगतीत पादचाऱ्यास, विशेषतः अंधांस, वाहनाची चाहूल सहज लागत नाही, आणि इंजिन शांत म्हणून गाडी बंद, असे समजून चालकाने खाली उतरणे तर सर्वथैव धोक्याचे, कारण ‘रेडी’चा दिवा जळत असेतोवर ती निघण्यास सज्जच असते.