ओझोनलाही ऋतू असतो

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८च्या सुमारास महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवलं. सपाटीवरचा उन्हाळा ज्यांना सोसत नाही, त्यांना डोंगरावरच्या थंड हवेत आराम पडेल, हा त्यामागचा विचार. पुढे १९१२ मध्ये पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू झालं, तेही याच विश्वासावर. हा विश्वास अजून टिकून आहे. दम्याचा त्रास असलेल्या आजोबांना मे महिन्यात चार दिवस वर घेऊन जाणारी घरं आजही पुष्कळ आहेत.

धूळ आणि धूर यांच्या बाबतीत तो विश्वास बराचसा खराही आहे. पण हवेत आणखी एक घटक असतो, जो डोळ्यांना दिसत नाही आणि चढण चढली म्हणून मागे राहत नाही. तो म्हणजे जमिनीलगतचा ओझोन. हवा चांगली कुठे मिळेल, असं आपण विचारतो. ओझोनच्या बाबतीत मात्र आधी विचारायला हवं : महिना कोणता आणि वेळ कोणती?

गैरसमज : ओझोन म्हणजे शुद्ध हवेची खूण. तो जितका जास्त, तितकं आरोग्याला चांगलं.

वस्तुस्थिती : ही समजूत जुनी आहे. जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी १८३९-४० मध्ये ओझोन ओळखला. त्यानंतर युरोपात समुद्रकाठची आणि डोंगरावरची हवा ‘ओझोनयुक्त’ म्हणून नावाजली गेली. पुढे वातावरणातल्या ओझोन थराचं महत्त्व शाळेत शिकवलं जाऊ लागलं आणि ओझोन आपला रक्षक, हे मनात पक्कं बसलं. उंचावरचा तो थर अतिनील किरण अडवतो, हे खरंच आहे. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन तिथेच असतो. पण तोच वायू नाकातोंडावाटे आत गेला, की श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक आवरणाला जाळतो. घसा खवखवतो, खोकला येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखतं आणि दम्याचा झटका येऊ शकतो. वळवाच्या पावसाआधी विजा कडाडताना जो तिखट वास कधी कधी जाणवतो, तो ओझोनचा असू शकतो. पहिल्या सरीनंतरचा मृद्गंध मात्र मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे येतो. त्याचा ओझोनशी संबंध नाही.

गैरसमज : ओझोन गाड्यांच्या धुराड्यातून बाहेर पडतो. गाड्या कमी, तिथे ओझोन कमी.

वस्तुस्थिती : धुराड्यातून ओझोन जवळजवळ बाहेर पडतच नाही. बाहेर पडतात ती नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि हवेत सहज मिसळणारे सेंद्रिय वायू. या कच्च्या मालावर सूर्यप्रकाश पडला, की काही तासांत हवेतच ओझोन तयार होतो. तोवर वाऱ्याने तो माल उगमापासून कितीतरी दूर नेलेला असतो. उलट भर वाहतुकीच्या चौकात ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून शहराच्या मध्यभागापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावात किंवा डोंगरावर ओझोन जास्त असू शकतो.

कच्चा माल फक्त शहरातून येतो असंही नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात. डोंगरउतारांवर वणवे लागतात. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा खाली कराड-सांगलीच्या ज्या पट्ट्यातून वाहते, तिथे गाळप हंगामात उसाचं पाचट पेटवलं जातं. शिवाय सुट्ट्यांत पसरणीच्या घाटात आणि वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या रांगा लागतात, त्यांची भर वेगळी.

गैरसमज : ओझोन हा उष्ण शहरांचा आजार आहे. थंड हवेच्या ठिकाणी त्याची भीती नाही.

वस्तुस्थिती : ओझोन घडतो प्रकाशामुळे. उष्णता ती क्रिया वेगवान करते, एवढंच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचावर आहे. दर हजार मीटर चढल्यावर अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. म्हणजे अंगाला गारवा जाणवत असतानाही ओझोन घडवणारा प्रकाश वर जास्तच मिळतो.

थंडी म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात मिळालं. तिथल्या नैसर्गिक वायूच्या विहिरींच्या खोऱ्यात २००८च्या फेब्रुवारीत, जमिनीवर बर्फ आणि पारा शून्याखाली असताना, ओझोन आरोग्याच्या मर्यादेपलीकडे गेला. बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशाने आणि कोंडलेल्या हवेने ते घडवलं. आपल्याकडे बर्फ नाही, पण हिवाळ्यातलं निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि जमिनीवरून प्रदूषण घेऊन येणारे उत्तर-ईशान्येचे वारे आहेत. म्हणून पश्चिम भारतात पावसाळा सरल्यावर ओझोन वाढू लागतो आणि मेअखेरपर्यंत चढाच राहतो. पुण्यातल्या मोजणीत एप्रिलच्या आसपास तो सर्वाधिक आणि ऑगस्टमध्ये सर्वांत कमी आढळला आहे. दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी : आपण हवापालटासाठी निवडतो ते सगळे दिवस नेमके याच चढत्या काळात येतात.

गैरसमज : पावसाळ्यात ओझोन कमी होतो, कारण पाऊस त्याला धुऊन काढतो.

वस्तुस्थिती : निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. धूळ पावसाने धुतली जाते. ओझोन मात्र पाण्यात फारच कमी विरघळतो. मग जूनपासून तो घटतो कशामुळे? पहिलं कारण म्हणजे ढग. महिनोन्महिने दाटलेल्या ढगांमुळे ओझोन घडवणारा प्रकाशच खाली पोहोचत नाही. दुसरं कारण वारा. नैऋत्य मोसमी वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून येतात. त्या हवेत नायट्रोजनची ऑक्साइड्स नगण्य असतात, म्हणून तिच्यात मुळातच ओझोन कमी असतो. तिसरं कारण बाष्प. अशा स्वच्छ, दमट हवेत प्रकाश आणि बाष्प मिळून आहे तो ओझोनही मोडतात.

म्हणूनच पावसाने दीर्घ ओढ दिली, ऊन पडलं आणि वारा जमिनीवरून येऊ लागला, तर पावसाळ्याच्या महिन्यातही ओझोन पुन्हा चढू शकतो. तारीख पावसाळ्याची आहे यावर विसंबू नये, आभाळ आणि वारा पाहावा. ज्या चार महिन्यांत धुक्या-पावसाला कंटाळून पूर्वी महाबळेश्वर रिकामं व्हायचं, तेच ओझोनच्या दृष्टीने इथले सर्वांत निर्धोक महिने आहेत. दमेकऱ्यांसाठी मात्र याला दुसरी बाजू आहे. ओलसर खोल्यांतली बुरशी त्याच काळात वाढते आणि तीही दमा उसळवते.

गैरसमज : सूर्य मावळला, की ओझोनचा धोका संपला.

वस्तुस्थिती : शहरात हे बऱ्याच अंशी खरं आहे. दुपारी ओझोन शिगेला पोहोचतो, संध्याकाळी नवा ओझोन घडणं थांबतं आणि वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड उरलेला खाऊन टाकतो. पहाटे तो तळाला असतो. डोंगरमाथ्याचं गणित निराळं आहे. रात्री जमिनीलगतचा हवेचा थर आकसून दऱ्यांमध्ये बसतो आणि माथा त्याच्या वर राहतो. वरच्या हवेत ओझोनला खाणारा ताजा धूर नसतो. अशा हवेत ओझोन काही आठवडे टिकू शकतो. त्यामुळे उंच ठिकाणी रात्र आणि दुपार यांतला फरक कमी असतो, कधी उलटाही असतो. राजस्थानातल्या माउंट अबूच्या मोजणीत असं दिसलं आहे. म्हणून वाईत किंवा साताऱ्यात पहाटेचं फिरणं जेवढं लाभतं, तेवढाच लाभ माथ्यावर मिळेल असं धरून चालू नये. तरीही भर उन्हातली दमछाक टाळणं दोन्हीकडे हिताचं, कारण उन्हाचा ताण आणि ओझोन एकमेकांचा परिणाम वाढवतात.

गैरसमज : आकाश निळंभोर आहे, हवेचा निर्देशांकही ठीक आहे. म्हणजे ओझोन नाही.

वस्तुस्थिती : श्वासातून जाणाऱ्या प्रमाणात ओझोनला रंग नसतो. निरभ्र आकाश ही तर त्याची आवडती परिस्थिती. हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांवरून ठरतो आणि त्यांतल्या सर्वांत वाईट घटकाचा आकडा आपल्याला दिसतो. बहुतेक दिवशी तो धुळीचा असतो आणि ओझोन त्याच्या आड राहतो. निर्देशांक पाहताना ‘ओ-थ्री’ची नोंद वेगळी पाहावी.

आपल्या राष्ट्रीय मानकानुसार आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही तेवढीच. पण २०२१ मध्ये संघटनेने आणखी एक निकष जोडला : वर्षातल्या सर्वाधिक ओझोनच्या सलग सहा महिन्यांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. एका दिवसाच्या उच्चांकाइतकाच अख्ख्या ऋतूचा संपर्क महत्त्वाचा, ही गोष्ट त्यातून मान्य झाली.

गैरसमज : ओझोनचा त्रास दमेकऱ्यांनाच होतो.

वस्तुस्थिती : दमेकऱ्यांना तो लवकर आणि जास्त होतो. पण धोका हवेतल्या प्रमाणाबरोबरच आपण किती हवा आत ओढतो, यावरही ठरतो. कष्टाच्या कामात श्वास कित्येक पटींनी वाढतो, तसा आत जाणारा ओझोनही वाढतो. म्हणून या भागात सर्वाधिक झळ सोसणारी माणसं आपण नेहमी पाहतो तीच आहेत : भर दुपारी स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाया, पाचगणीच्या टेबललँडवर घोड्याबरोबर धावणारी माणसं, सांगलीच्या फडातले ऊसतोड मजूर, मैदानावर सराव करणारी निवासी शाळांतली मुलं. मुलांची फुफ्फुसं अजून वाढत असतात आणि वजनाच्या मानाने ती जास्त हवा घेतात.

वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुफ्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा आजार बळावतो. जागतिक आजारभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये ओझोनमुळे जगात सुमारे ३ लाख ६५ हजार मृत्यू झाले, त्यांतले सुमारे १ लाख ६८ हजार भारतात. पिकंही यातून सुटत नाहीत, कारण रब्बीचा हंगाम नेमका ओझोनच्या चढत्या काळात येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासानुसार, २००५ मध्ये देशाने ओझोनमुळे सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गमावला.

गैरसमज : मास्क लावला किंवा खोलीत ओझोन यंत्र बसवलं, की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : कापडी मास्क किंवा एन-९५ कण अडवतात, ओझोन हा वायू आहे आणि तो त्यांतून आरपार जातो. खरा आडोसा घराचा. दुपारी खिडक्या लावून घेतल्या, तर आतला ओझोन बाहेरच्यापेक्षा बराच कमी राहतो. ‘हवा ताजी करणारं’ म्हणून विकलं जाणारं ओझोन सोडणारं यंत्र तर उलटं काम करतं. बंद खोलीत ते तोच वायू सोडतं, ज्यापासून आपल्याला वाचायचं आहे. माणसं असलेल्या खोलीत ते कधीच चालू ठेवू नये.

गैरसमज : हवामान बदलतंय, त्यापुढे आपण काय करणार?

वस्तुस्थिती : वाढत्या तापमानाने काम अवघड केलं आहे, हे खरं. उकाड्यात झाडं जास्त सेंद्रिय वायू सोडतात, हवा कोंडते, वणवे वाढतात. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीचा निष्कर्ष असा, की तापमानवाढीने दूरच्या समुद्रांवर ओझोन घटेल, पण जिथे आधीच प्रदूषण आहे तिथे तो वाढेल. त्याच वाक्यात आपल्या हातातलं कामही सांगितलेलं आहे. ऊन आपल्याला कमी करता येत नाही, कच्चा माल कमी करता येतो. झाडांनी सोडलेल्या वायूंपासूनही ओझोन घडायला नायट्रोजनची ऑक्साइड्स लागतात आणि ती मुख्यतः आपल्या जळणातून येतात. पाचट न पेटवता शेतातच कुजवणं, वणवे रोखणं, सुट्टीच्या दिवसांत वाईपासून वर येण्यासाठी भरपूर बसगाड्या सोडणं हे सगळं शक्य आहे. मिथेन कमी केला तर जगभरचा पायाभूत ओझोनही उतरतो.

महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून काम करते आहे. ढग, पाऊस आणि हवेतले घटक समजून घेणारी अशी संस्था दाराशी असणं हे भाग्य आहे. आता तासागणिक ओझोनचे आकडे बाजारपेठेतल्या फलकावर, शाळांत आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षात पोहोचायला हवेत. ज्यांच्या घरी दम्याचा किंवा श्वासाचा रुग्ण आहे, त्यांनी ऑक्टोबर ते मे या काळात वर येताना औषधं आणि इनहेलर सोबत ठेवावेत आणि दुपारी बारा ते चार विश्रांती घ्यावी. शाळांनी मार्च ते मे या काळात कवायत आणि सामने सकाळी उरकावेत. मळेवाल्यांनी आणि कारखान्यांनी मजुरांना याच तासांत सावली आणि सुट्टी द्यावी. पर्यटकाला चार दिवसांनी खाली उतरता येतं. इथे राबणाऱ्यांना आठ महिने हीच हवा घ्यावी लागते, म्हणून पहिली काळजी त्यांची घेतली पाहिजे.