रंग बदलला, म्हणजे नेमकं काय झालं?

२०२४ च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलं. अशा उन्हातही बाळांच्या लसी थांबवता येत नाहीत. सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन गावात येते, पोलिओची कुपी बाहेर काढते आणि थेंब पाजण्याआधी लेबलवरच्या एका बारक्या वर्तुळाकडे बघते. त्या वर्तुळाच्या पोटात चौकोन असतो. त्याचं नाव व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. आरोग्य खात्यात सगळे त्याला व्हीव्हीएम म्हणतात.

रंग बदलून माहिती देणाऱ्या अशा खुणा दवाखान्यातल्या पट्टीवर, औषधाच्या डबीतल्या पुडीत आणि गावच्या पाण्याच्या तपासणीतही असतात. यातली प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचं उत्तर देते. आपण तिला दुसराच प्रश्न विचारतो आणि तिथे घोटाळा होतो. असे काही गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : चौकोन जांभळट दिसतोय, म्हणजे लस खराब झाली.

वस्तुस्थिती : व्हीव्हीएमचा चौकोन पहिल्या दिवशीही पांढराशुभ्र नसतो, त्यावर हलकी निळसर-जांभळी झाक असतेच. बघायचं ते इतकंच, की चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे का. फिका असेल तोवर उष्णतेच्या बाबतीत लस चालते. थोडा गडद झालेला, पण अजून वर्तुळापेक्षा फिका असेल, तर ती कुपी आधी वापरायची. चौकोन आणि वर्तुळ एकाच रंगाचे दिसू लागले किंवा चौकोन जास्त गडद झाला, की कुपी बाद. नुसत्या चौकोनाकडे बघून काहीच ठरत नाही, तुलना वर्तुळाशीच करायची. ती सावलीत नको, नीट उजेडात करायची.

गैरसमज २ : कुपी पुन्हा बर्फात ठेवली की रंग उतरतो आणि लसही सुधारते.

वस्तुस्थिती : हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि साबण निघून गेला की पुन्हा पिवळा होतो. तो बदल परतीचा आहे, व्हीव्हीएमचा नाही. चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचं रंगहीन रसायन असतं. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, लांब साखळ्या बनतात आणि या साखळ्यांना गडद रंग असतो. एकदा जुळलेली साखळी थंडीने सुटत नाही. म्हणून कारखान्यातून निघाल्यापासून कुपीला जिथे जिथे उष्णता लागली, त्या सगळ्याची बेरीज त्या चौकोनात साठते. अकोल्याच्या बसस्टँडवर गेलेला एक तास आणि उपकेंद्रात वीज गेल्यावर गेलेले दोन तास, दोन्ही त्यात धरलेले असतात.

ही खूण सहजासहजी हाती आलेली नाही. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेला फार नाजूक. ती रस्त्यात बिघडली तरी डोळ्यांना काहीच कळायचं नाही. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असा निर्देशक हवा म्हणून विचारणा केली, अमेरिकेतल्या पाथ या संस्थेने त्याचा पाठपुरावा केला आणि १९९६ पासून व्हीव्हीएम पोलिओच्या कुपीवर आला. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे लाखो हातांचे कष्ट आहेत, पण वाडीवस्तीवर पोहोचलेला थेंब जिवंत आहे की नाही, हे जागेवर सांगणारा साक्षीदार हा चौकोनच होता.

गैरसमज ३ : एकाच पेटीतल्या दोन कुप्यांचे रंग वेगळे, म्हणजे एक नक्की सदोष.

वस्तुस्थिती : लसीगणिक नाजूकपणा वेगळा, म्हणून व्हीव्हीएमही वेगवेगळ्या वेगाचे बनवतात. पोलिओच्या कुपीवर व्हीव्हीएम २ असतो. सतत ३७ अंशांत ठेवली तर ती कुपी साधारण २ दिवसांत बाद होते. ५ अंशांत ठेवली तर तोच चौकोन २२५ दिवस तग धरतो. हिपॅटायटिस-बी सारख्या दणकट लसीवर व्हीव्हीएम ३० असतो, म्हणजे ३७ अंशांत सुमारे ३० दिवस. तेव्हा एकाच प्रवासात पोलिओचा चौकोन गडद आणि शेजारच्या कुपीचा फिका दिसला, तर दोघेही आपापलं काम चोख करत आहेत. व्हऱ्हाडातल्या मे महिन्यात तर ३७ अंश हा सकाळचाच आकडा असतो. पारा त्याच्या वर गेला की रंग चढण्याचा वेगही वाढतो.

गैरसमज ४ : चौकोन फिका आहे, म्हणजे लस शंभर टक्के चांगली.

वस्तुस्थिती : सगळ्यांत धोक्याचा गैरसमज हाच. व्हीव्हीएम फक्त उष्णता मोजतो. मुदत संपली तर तो सांगत नाही, म्हणून तारीख वेगळी बघावी लागते. कुपीत घाण गेली तरी त्याला कळत नाही. आणि लस गोठली, तर चौकोन फिकाच्या फिका राहतो.

गोठण्याची भीती आपल्याकडे कुणाच्या डोक्यात चटकन येत नाही. एवढ्या उन्हात जास्त बर्फ घातला तर बरंच, असं वाटतं. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, डीपीटी, टीडी या लसींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं संयुग असतं. लस गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा गुण जातो. पोलिओचे थेंब मात्र जिल्ह्याच्या डीप फ्रीजरमध्ये गोठवूनच ठेवतात, त्यांना त्याने काही होत नाही. त्यामुळे 'लस म्हटली की बर्फ' हे समीकरण सगळ्यांना लागू पडत नाही.

यावरचा उपाय साधा आहे, पण धीराचा. फ्रीजरमधून काढलेले आइस पॅक लगेच पेटीत घालायचे नाहीत. ते बाहेर मांडून ठेवायचे. पॅकला बाहेरून घाम फुटतो. कानाशी नेऊन हलवला की आत बर्फाचा खडा पाण्यात खुळखुळतो. तो आवाज आला की चार पॅक पेटीच्या चार बाजूंना लावायचे, मग कुप्या आत. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांकडे निघताना घाई कितीही असली, तरी एवढा वेळ द्यावाच लागतो. गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट करतात. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवायच्या आणि कुणाचा गाळ लवकर तळाला बसतो ते शेजारी ठेवून बघायचं. शंकेच्या कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच लवकर बसला, तर ती वापरायची नाही.

गैरसमज ५ : व्हीव्हीएम ठीक असेल तर उघडलेली कुपी कितीही वेळ वापरावी.

वस्तुस्थिती : खूण कुठे आहे ते बघा. पोलिओ, पेंटाव्हॅलंट यांसारख्या द्रव लसींवर ती लेबलवर असते; बाकीच्या अटी पाळल्या तर अशी उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेलासारख्या भुकटीच्या लसींवर ती टोपणावर असते. टोपण काढलं, पाणी मिसळलं, की व्हीव्हीएमचं काम संपलं. पुढे घड्याळ मोजायचं : ४ तास, नाहीतर सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते.

गैरसमज ६ : पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणजे सामान निर्जंतुक झालं.

वस्तुस्थिती : ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेल्या गाठोड्यावरची पट्टी वाफ लागली की काळी पडते. गाठोडं यंत्रातून जाऊन आलं, एवढंच ती सांगते. कापडाच्या घड्यांच्या आत वाफ पुरेशी पोहोचली का, हे बाहेरच्या पट्टीला कळत नाही. त्यासाठी आत वेगळी पट्टी ठेवतात आणि खरी खात्री उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू मारून बघून होते.

गैरसमज ७ : डबीतल्या पुडीचा रंग गेला, म्हणजे औषध बिघडलं.

वस्तुस्थिती : सिलिका जेलचे निळे दाणे दमट हवेत गुलाबी होतात. याचा अर्थ पुडीची ओल शोषण्याची ताकद संपली. औषध बिघडलं की नाही हे त्यावरून ठरत नाही, पण ते आता उघड्यावर पडल्यासारखं आहे. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो आरोग्याला घातक आहे, म्हणून पुडी फोडून लेकरांच्या हाती देऊ नका. पुष्कळ पुड्यांतले दाणे तर पांढरेच असतात. त्यांचा रंग बदलायची वाट बघू नये.

गैरसमज ८ : पाणी पिवळं झालं, म्हणजे प्यायला योग्य.

वस्तुस्थिती : गावात पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट होते. ऑर्थोटोलिडिनचा थेंब पडला की क्लोरिन असलेलं पाणी पिवळं होतं आणि क्लोरिन जितकं जास्त तितका पिवळा गडद. मोकळं क्लोरिन मोजायचं तर रंग पहिल्या दहा सेकंदांतच बघावा, नंतर बांधलेलं क्लोरिनही त्यात मिसळतं. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन हवं. हे न पाळण्याची किंमत मोठी असते. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरला आणि माणसं दगावली.

पण पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न आणखी एक आहे. तिथल्या पाण्यातले क्षार या चाचणीत दिसत नाहीत. पिवळा रंग आला तरी पाणी खारं ते खारंच राहतं. क्षारांसाठी पाण्याची वेगळी तपासणी करावी लागते.

बाळाला लस द्यायला न्याल तेव्हा सिस्टरला बेधडक म्हणा, "ताई, कुपी दाखवता का जी?" चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे का, मुदतीची तारीख काय, कुपी कधी उघडली आणि पेटीत आइस पॅक कसे लावलेत, एवढं विचारा. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच नाही. उन्हातान्हात ती पेटी सांभाळत आणणाऱ्या बाईला या चारही गोष्टी ठाऊक असतात आणि विचारणारं कुणी भेटलं तर ती आनंदाने समजावून सांगेल.