सर्वांसाठी प्रवास (लेखांक ६) : फलाट आणि डबा

रेल्वेचा फलाट आणि डब्याचे दार यांच्यामध्ये दोन अंतरे असतात, एक उभे आणि एक आडवे. भारतीय रेल्वेचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीवर असतो, तर लांब पल्ल्याच्या डब्याचा तळ सुमारे १३०० मिलिमीटरवर. उरलेली जवळजवळ अर्ध्या मीटरची चढण दारातल्या अरुंद पायऱ्यांवरून, दांडा धरून चढायची असते. गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती ती हातांच्या जोरावर कशीबशी चढते. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला मात्र कोणीतरी उचलूनच घ्यावे लागते, आणि स्वतःचे शरीर अनोळखी हातांत सोपवणे हा त्याच्या प्रवासातला सर्वांत अवघड क्षण असतो. लहान स्थानकांत फलाट याहून ठेंगणा आणि थांबा जेमतेम दोन मिनिटांचा असला, की चढणे जोखमीचेच होते.

फलाट हवा तेवढा उंच करता येत नाही, कारण त्याच रुळांवरून मालगाड्या आणि निरनिराळ्या बांधणीचे डबे धावतात आणि त्यांना फलाट घासून चालत नाही. मेट्रोचा मार्ग स्वतंत्र आणि गाड्या एकाच मापाच्या असल्याने तिथे फलाट व डब्याचा तळ जवळपास समपातळीत ठेवता येतो. मुंबईच्या लोकलमार्गांवर फटीत पडून झालेल्या अपघातांनंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उंचावण्याचे काम हाती घेण्यात आले. उभे अंतर त्यामुळे कमी झाले. आडवी फट मात्र वळणावरच्या फलाटांवर रुंदच राहते, कारण डबा सरळ असतो आणि फलाटाची कड वाकलेली.

डब्यापर्यंत पोहोचणे हाही प्रवासाचाच भाग आहे. उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक मीटर चढण्यासाठी बारा मीटर लांबी. फलाटापासून पादचारी पूल सहा मीटर उंच धरला तर ७२ मीटरांचा उतार लागेल, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. इतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून लिफ्टला पर्याय नाही. सरकता जिना व्हीलचेअरच्या कामाचा नाही, आणि तोल सांभाळता न येणाऱ्या वृद्धांना त्याचे भय वाटते. लिफ्ट बंद असली तर फलाटाच्या टोकाशी रूळ ओलांडणारी, सामानाच्या ढकलगाड्यांची वाटच उरते.

दृष्टिहीनांसाठी फलाटावर पिवळ्या उठावदार फरश्या बसवतात. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर आल्या. लांबट पट्ट्यांची फरशी वाट दाखवते, ठिपक्यांची फरशी थांबण्याचा इशारा देते. पिवळ्या रंगामुळे अंधुक दिसणाऱ्यांनाही कड कळते. याच फरशांवर बाक, पार्सलचे गठ्ठे किंवा खाद्यपदार्थांच्या गाड्या ठेवल्या, की पांढऱ्या काठीने चालणारा माणूस त्यांवरच आदळतो.

मेल-एक्स्प्रेसमधल्या दिव्यांग डब्याला रुंद दार आणि आधारदांडे असलेले मोठे स्वच्छतागृह असते. पण हा डबा गार्डच्या कक्षाला जोडलेला, म्हणून बहुतेकदा गाडीच्या टोकाला असतो. फलाटाचे छत तिथवर पोहोचेलच असे नाही. ज्याला चालणे सर्वांत कठीण, त्यालाच सर्वांत लांब चालायला लावणारी ही रचना बदलायलाच हवी. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. तो संपल्यावर वरचा बर्थ मिळालेल्यांना गाडीतला टीसी रिकामा राहिलेला खालचा बर्थ देऊ शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रवाससुविधा सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्याखालील २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेविषयीचा नियम मात्र केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांवर विसंबून होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

(पुढील लेखांकात : एसटीची पायरी आणि बसथांबा)