तीन पायांचा शेगडा

वीस फुटी जी.आय. म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप जमिनीवर आडवा टाकून हॅकसॉने कापायला घेतला, की पहिल्या चार फटक्यांतच तो आपले गुण दाखवतो. गोल असल्याने घरंगळतो, पोकळ असल्याने झणझणतो आणि लांब असल्याने त्याचे दुसरे टोक भलतीकडेच वळवळते. मग मिस्त्री हेल्परला हाक मारतो आणि हेल्पर पाइपावर पाय रोवून उभा राहतो. आपल्याकडच्या बांधकामांवर पाइप धरण्याचे सर्वांत प्रचलित साधन हा पाय आहे, तोही बहुतेक वेळा स्लिपरमधला.

या पायाच्या जागी जे उभे असायला हवे, ते म्हणजे पाइप व्हाइस, आपल्या जुन्या कारागिरांचा शेगडा. कामाच्या जागी नेता यावा म्हणून त्याला तीन घडीचे पाय लावले गेले. प्लंबिंगच्या गप्पांत याचे नाव शेवटी येते. पाना, डाय, कटर यांचे कौतुक होते आणि धरणाऱ्याला कोणी विचारत नाही. माझे मत उलटे आहे. भिंतीत वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या जोडाची चौकशी करायची झाली, तर सुरुवात कापताना पाइप कशात धरला होता इथून करावी.

घराघरात लोखंडी पाइप शिरला तो पाण्यासाठी नव्हे, उजेडासाठी. विल्यम मर्डॉकने 1792 मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरूथ इथे आपले घर कोळशाच्या वायूने उजळले. 1807 मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर विन्सर नावाच्या उद्योजकाने वायूचे दिवे लावून दाखवले. एवढ्या नळ्या आणायच्या कुठून? नेपोलियनची युद्धे संपल्यावर बंदुकांच्या नळ्या ढिगाने पडून होत्या. त्या एकीत एक फिरवून बसवल्या आणि वायूची वाहिनी तयार झाली. 1825 मध्ये वेन्सबरीच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने तापवलेली लोखंडी पट्टी साच्यातून ओढून, कडेला कड जुळवून नळी बनवण्याचे पेटंट घेतले, आणि लांब, स्वस्त पाइप बाजारात आला.

तिथेच खरी अडचण सुरू झाली. कारखान्यातून निघणारा पाइप सरळ आणि ठरावीक लांबीचा. घर मात्र प्रत्येक वेगळे. कोपरा किती इंचांवर येतो, जिना कुठे वळतो, हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून पाइप जागेवरच कापावा लागतो आणि जागेवरच त्याला आटे पाडावे लागतात. लोहाराचा शेगडा जड टेबलाला बोल्टने जखडलेला असतो. ते टेबल तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार?

धरण्याची रीत वरून सोपी दिसते. साध्या शेगड्याचे सपाट जबडे गोल पाइपाला दोनच रेघांवर टेकतात. आवळले तर पाइप चेपतो, सैल ठेवले तर फिरतो. म्हणून पाइप व्हाइसला खालीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेले कडक पोलादी, दातेरी जबडे असतात. दाब दोनऐवजी चार रेघांवर वाटला जातो. वरची कमान एका बाजूला बिजागरीवर उघडते, त्यामुळे लांब पाइप टोकाकडून ओवत बसावे लागत नाही; बाजूने ठेवा, कमान पाडा, मळसूत्र आवळा. दुसऱ्या प्रकारात वरच्या जबड्याऐवजी साखळी असते. ती पाइपाला वेढा घालते, म्हणून एकाच व्हाइसमध्ये अर्ध्या इंचापासून पाच-सहा इंचांपर्यंतचा पाइप मावतो. दात्यांच्या खुणा मात्र दोन्हींत उमटतात. बारीक ओरखडा जस्त स्वतः झिजून सांभाळून घेते. खोल चावा बसला की तिथे रंगाचा हात मारावाच लागतो, आणि तो सहसा मारला जात नाही.

आता कापणे. अर्ध्या इंची मध्यम जातीच्या, म्हणजे निळ्या पट्ट्याच्या पाइपाची भिंत जेमतेम अडीच मिलिमीटरहून थोडी जाड असते. इंचाला चोवीस दाते असलेले पाते घेतले तरी एका वेळी दोन-अडीच दातेच धातूत असतात. पाइप जरा हलला की दाता कडेवर अडकतो आणि तुटतो. शिवाय कापायची जागा जबड्यापासून जितकी लांब, तितका पाइप लवतो, आणि हे लवणे सरळ हिशेबाने वाढत नाही: अंतर दुप्पट केले, तर तेवढ्याच जोराला लवणे आठपट. म्हणून मुरलेला कारागीर आटे पाडणारी डाय बसण्यापुरती जागा सोडून जबड्याच्या जवळ कापतो. मागे उरलेल्या लांबीलाही आधार लागतोच. दोन इंची मध्यम पाइप मीटरला सुमारे पाच किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची अख्खी लांबी तीस किलोची. ती अधांतरी राहिली तर तिवई उलटवते.

करवतीच्या फटक्यांपुरता हेल्परचा पाय पुरतो, हे मान्य करू. आटे पाडताना तो साफ हरतो. डायच्या दांड्यावर अंगाचे वजन टाकून वळसा द्यावा लागतो, आणि तेवढाच पीळ उलट बाजूने धरणाऱ्याला सोसावा लागतो. पाइपाचे आटे निमुळते असतात, सोळाला एक या उताराने. अर्ध्या इंची पाइपाला इंचात चौदा, एक इंचीला अकरा. इंग्रज अभियंता व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेल्या 55 अंशांच्या आट्याचा हा वारसा आपल्याकडे आजही चालतो. पाइप तिरका कापला गेला की डाय तिरकी चढते आणि आटे एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ पडतात. मग सॉकेटमध्ये कितीही सूत आणि सफेदा भरा, पाणी वाट काढतेच.

अमेरिकेत पाइप घट्ट धरण्याचा विचार जास्त नेटाने झाला. तिथल्या इमारती वाफेने तापवायला घराघरातून पाइप फिरत होते. वॉलवर्थ कंपनीतल्या डॅनियल स्टिलसनने 1870 च्या सुमारास आजचा पाइप पाना बनवला. गोष्ट अशी सांगतात, की नमुना चालवून बघताना त्याला सांगण्यात आले, एकतर पाइप पिळून तोड किंवा पाना तरी तोड, तुटला पाइप. एवढ्या जोराचा पाना हाती आल्यावर दुसरी बाजू घट्ट धरणे भागच होते. 1923 मध्ये ओहायोत सुरू झालेल्या रिज टूल कंपनीने, म्हणजे ‘रिजिड’वाल्यांनी, पुढे तिवईसकट व्हाइस घरोघरच्या फिटरपर्यंत पोहोचवला. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. डोक्यावर एक उभे मळसूत्र असते. त्यावर पाइपाचा तुकडा चढवून तो छतापर्यंत पोहोचवायचा आणि आवळायचा. जमीन आणि छत यांच्यात तिवई ठेपून बसते, इमारतच तिचे वजन होते. खाली पाय पसरून ठेवणाऱ्या ताटलीत तेलाचा डबा आणि डाय मावते.

आपल्याकडे वस्तू नव्हती असे नाही. जालंधरचे कारखाने पाइप व्हाइस बनवतात, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्याच्या बोहरी आळीत तो मिळतो. तरी तो टेम्पोत चढत नाही, कारण हेल्पर आधीच चढलेला असतो. त्याचा पाय रोजंदारीतच धरलेला. त्याच्या पायासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. जिथे दुसरा माणूस महाग, तिथे लोखंडी तिवई स्वस्त पडली. जिथे माणूस स्वस्त, तिथे ती चैन ठरली.

हॅकसॉच्या काळात या काटकसरीची किंमत फार तर एखादे पाते होते. हातात ग्राइंडर आल्यावर हिशेब बदलला. कापाच्या दोन्ही बाजूंना टेकलेला पाइप मध्ये खाली लवला की कापलेली फट मिटते, फिरती चकती तिच्यात चिमटते आणि ग्राइंडर उसळतो. वीतभर अंतरावर हेल्परचे पाऊल असते.

मोठ्या कामांवर विजेवर चालणारे आटे पाडायचे यंत्र आले आहे. त्यात चक पाइपाला धरून फिरवतो आणि डाय स्थिर राहते, म्हणजे शेगडा यंत्राच्या पोटातच गेला. घरच्या पाण्याच्या लाइनीत सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाने आटेच संपवले. पण घरातल्या पाइप गॅसची लाइन आणि अग्निशमनाचे फाटे अजून लोखंडीच असतात. गॅसचे फिटर सोसायटीत येतात तेव्हा जिन्याखाली बघावे. नीट काम करणाऱ्या कंत्राटदाराची तिवई तिथे उभी असते, खाली तेलाने भिजलेला किस पडलेला असतो आणि हेल्पर सॉकेट निवडत असतो.