एकाच डिस्कचे दोन वाटे

लंडनच्या सेंट पॅंक्रास भागातील ब्रिटिश लायब्ररी आपल्या वाचकांना ऐकून तरी ठाऊक असेल. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे दप्तर तेथे आहे. जुन्या मराठी छापील पुस्तकांचा मोठा संग्रहही तेथे आहे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात असताना त्याची सूची ब्लुमहार्ट नावाच्या विद्वानाने केली आणि ती १८९२ साली छापून निघाली. या ग्रंथालयाच्या संगणकांवर २८ ऑक्टोबर २०२३ रोजी दरोडा पडला. दरोडेखोरांच्या टोळीने सुमारे ६०० जीबी माहिती पळवली, २० बिटकॉइनची बोली मागितली आणि जाताना सर्व्हर निकामी करून ठेवले. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही.

मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने या प्रकाराचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. त्यातील एक गोष्ट शिक्षकाच्या नजरेला लगेच भरते. संगणकात उतरवलेल्या पुस्तकांच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या, पण त्या ज्या यंत्रणेवर परत चढवायच्या ती यंत्रणाच उरली नव्हती. धान्य कोठीत सुरक्षित, चूल मात्र मोडलेली. वाचकांना ग्रंथसूची पुन्हा शोधता येऊ लागली ती १५ जानेवारी २०२४ रोजी, आणि तीही मर्यादित रूपात. चूल पुन्हा मांडायला वेळ लागतो, पैसा लागतो, पण ती मांडता येते. धान्यच जळाले असते तर काय केले असते?

आपल्या घरातील लॅपटॉपची स्थिती नेमकी उलट असते. तेथे चूल आणि धान्य एकाच खोलीत. विंडोज ही यंत्रणा, तिचे प्रोग्राम, मुलांचे निबंध, आजीचे फोटो, लग्नाच्या याद्या, सगळे त्या एका ‘सी’ नावाच्या कप्प्यात. पडद्यावर दिसणारा डेस्कटॉपही सीमध्येच असतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

माझा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये शिकत होता. त्याचा सारा प्रबंध डेस्कटॉपवर होता. एका सकाळी लॅपटॉप सुरू होईना. दुकानदाराने डिस्क पुसून विंडोज नव्याने घालून दिली. यंत्र नव्यासारखे पळू लागले, पण प्रबंध गेला. मार्गदर्शकांना ई-मेलने पाठवलेली दोन प्रकरणे तेवढी परत मिळाली, बाकीचे त्याने रात्री जागून पुन्हा लिहिले. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला यंत्र दुरुस्त करायला सांगितले होते आणि त्याने ते केले.

गंमत अशी की हे एकत्र नांदणे हाच संगणकाचा मोठा शोध आहे. २१ जून १९४८ रोजी मॅंचेस्टर विद्यापीठात विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांच्या ‘बेबी’ यंत्राने पहिला प्रोग्राम चालवला. त्यात आज्ञा सतराच होत्या, पण यंत्र ५२ मिनिटे राबत होते. आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच काचनळीच्या स्मृतीत ठेवलेले असत. त्यापूर्वी काम बदलायचे म्हणजे तारा आणि बटणे बदलावी लागत. पुढे घरगुती यंत्रे आली तेव्हा फ्लॉपीला ए आणि बी ही अक्षरे गेली, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. त्या काळच्या डॉसला ३२ एमबीपेक्षा मोठा कप्पा पेलत नसे, म्हणून मोठी डिस्क सी आणि डी अशी वाटावीच लागे. आज ती सक्ती नाही, म्हणून सवयही गेली.

ही वाटणी कशी करावी ते सांगतो. (भावाभावांच्या वाटणीपेक्षा सोपी आहे. तंटा नाही, वकीलही नको.) आधी सगळ्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी गाळून पुढे जाऊ नये. चार्जर लावून ठेवावा. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते. त्या बिटलॉकर कुलपाची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर पुढे कधी आपल्याच फाइली आपल्याला उघडता येणार नाहीत.

मग स्टार्ट बटणावर उजवी कळ दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. सी वर पुन्हा उजवी कळ, आणि श्रिंक व्हॉल्यूम. येथे आकडा एमबीमध्ये विचारतात. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबी दिसते. त्यातून १०० जीबी काढायचे असतील तर १०२४०० लिहावे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात, पण अद्ययावतीकरणाला आणि प्रोग्रामना जागा हवी, म्हणून सीला कोंडून घालू नये. कधी भरपूर जागा मोकळी असूनही यंत्र थोडीच सोडायला तयार होते, कारण काही फाइली मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात. जेवढी देईल तेवढी घ्यावी, हट्ट करू नये. मोकळ्या झालेल्या पट्टीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम निवडावे, एनटीएफएस ठेवावे, डी अक्षर द्यावे. झाले.

आता डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन नावाचे पान असते, तेथून तो फोल्डर डी मध्ये हलवता येतो. डेस्कटॉप आणि पिक्चर्सचेही तसेच. वनड्राइव्ह आडवा आला आणि खटाटोप नको असेल, तर डी मध्ये स्वतःचा फोल्डर करून तेथेच काम साठवावे. प्रोग्राम मात्र डी मध्ये नकलून उपयोग नाही. यंत्रणा नवी घातली की ते पुन्हा नव्यानेच घालावे लागतात.

वाटणी केली म्हणजे सुरक्षा झाली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सी आणि डी ही दोन घरे दिसली तरी जमीन एकच. डिस्क मेली की दोन्ही गेली, लॅपटॉप चोरीला गेला की दोन्ही गेली, आणि दरोडेखोर प्रोग्राम डी ला वेगळे मानत नाही. तेव्हा बाहेरची डिस्क हवीच, आणि प्रत घेऊन झाल्यावर ती यंत्रातून काढून ठेवायची. वाटणीचा फायदा एवढाच की यंत्रणा बिघडली तर फक्त सी पुसून नवी घालता येते आणि डी तसाच राहतो. प्रत घेतानाही काय घ्यायचे ते शोधत बसावे लागत नाही.

विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून अनेक घरांत सध्या यंत्रणा बदलण्याचे चालू आहे. नवी घालताना कस्टम हा मार्ग घ्यावा आणि कप्प्यांच्या यादीत डी ला हात लावू नये. यादीत ही अक्षरे दिसत नाहीत, तेव्हा कोणता कप्पा किती जीबीचा आहे ते आधी लिहून ठेवावे. ‘रीसेट’ करून सर्व काही काढा असे सांगितले, तर फक्त विंडोजचा कप्पा पुसायचा की सगळे, असा पर्याय तेथे असतो. दुकानात देणार असाल तर एका चिठ्ठीवर ‘फक्त सी, डी पुसू नये’ असे लिहून ती झाकणावर चिकटवावी. मुले सप्टेंबरात विलायतेला निघतात, तेव्हा हे काम जुलैच्या सुट्टीत उरकावे. इथे जवळ बसून एका दुपारी होते, तिकडून फोनवर सांगायला गेले की आठवडा जातो.